तीन पाने, एकच घर

लोकप्रतिनिधींचे कार्यअहवाल जमवण्याचा मला गेली पंधरा-वीस वर्षे नाद आहे. कुणी तिकिटे जमवतो, कुणी नाणी. माझ्याकडे आमदार-खासदारांच्या अहवालांची एक ट्रंक भरली आहे. निवडणूक वर्षभरावर आली की हे अहवाल घरोघर येऊ लागतात. कधी वर्तमानपत्राच्या घडीत, कधी कार्यकर्त्याच्या हातून, कधी सोसायटीच्या सभेत खुर्चीवर ठेवलेले. बहुतेक घरांत आठवडाभरात ते फडताळाच्या फळीवर अंथरले जातात. कागद इतका गुळगुळीत असतो की भजी बांधायलाही उपयोगाचा नाही. तेल शोषत नाही.

ट्रंकेतले अहवाल एकापुढे एक मांडून पाहिले, तर पक्ष कोणताही असो, मांडणी एकाच ठशाची दिसते. मुखपृष्ठावर हात जोडलेले साहेब किंवा ताई. पुढे नेत्यांचे फोटो, कोणाचा मोठा आणि कोणाचा लहान हे पाहून त्या साली कोण कोणत्या गटात होते ते कळते. मग कोटींचे आकडे, भूमिपूजने, हायमास्ट दिवे, समाजमंदिरे. आणि आमच्या सातारा भागातल्या अहवालांत हमखास तीन पाने असतात: एक शेतकऱ्यांसाठी, एक महिला व कुटुंबासाठी आणि एक माजी सैनिकांसाठी. शेतकऱ्याच्या पानावर हिरवे शिवार, महिलांच्या पानावर शिलाई यंत्रांचे वाटप, सैनिकांच्या पानावर तिरंगा आणि वीरपत्नीला साडी-चोळी देतानाचा फोटो.

या तीन पानांविषयीच मला लिहायचे आहे. कारण अहवालात ती वेगळी असली तरी आमच्याकडे ती एकाच घराची असतात.

सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे लोक 'मिलिटरी' हा शब्द लावतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. पण अपशिंगे हे फक्त ठळक उदाहरण झाले. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात, कोरेगावात, पाटणच्या डोंगरात अशी कितीतरी गावे आहेत की जिथे फौजेत माणूस नाही असे घर शोधावे लागते. याचे श्रेय आपण शौर्यपरंपरेला देतो, आणि ते खोटे नाही. पण त्याच्या मुळाशी शेतीचा हिशोब आहे हे विसरून चालणार नाही. पाऊस बेभरवशाचा, रान हलके, वाटण्या होत होत खातेफोड झालेली. चार भावांना ती जमीन पोसू शकत नाही. मग एक मुंबईला गिरणीत जायचा, एक फौजेत भरती व्हायचा आणि राहिलेला रान कसायचा. गिरण्या संपल्या, फौज राहिली. गावातल्या जुन्या विहिरींवर पाटी नसते, पण त्यांतल्या कित्येक विहिरी सुभेदार-हवालदारांच्या पगारावर खणलेल्या आहेत. पहिली मोटार, पहिले पत्र्याचे घर, बहिणीच्या लग्नाचे कर्ज हे सारे मनिऑर्डरीवर चालले. म्हणजे शेतीला खरा पतपुरवठा सोसायटीच्या बरोबरीने फौजेने केला असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये.

जवान निवृत्त होतो तोही आपल्या कल्पनेतल्या 'पेन्शनरा'च्या वयाचा नसतो. पस्तिशी-चाळिशीत तो घरी येतो, मुले शाळेत असतात, आणि तो पुन्हा शेतकरी होतो. आता अहवालातली तीन पाने या माणसाच्या घरावर ठेवून पाहा.

पहिले पान सांगते: केंद्र सरकारच्या किसान सन्मान निधीतून वर्षाला ६,००० रुपये (ही योजना २०१९ ची), आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेतून आणखी ६,००० (ही २०२३ ची). दुसरे पान सांगते: लाडक्या बहिणीला महिना १,५०० रुपये (२०२४). तिसरे पान सांगते: माजी सैनिकांना 'एक हुद्दा, एक निवृत्तिवेतन'. प्रत्येक पान आपल्या जागी खरे आहे. पण किसान सन्मान निधीच्या नियमांत असे आहे की महिना १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन घेणारा, चतुर्थ श्रेणीचा अपवाद सोडता, अपात्र. साध्या नाईक-हवालदाराचे निवृत्तिवेतन आज त्याहून बरेच वर असते. म्हणजे तो माणूस केंद्राच्या यादीतून गेला. आणि राज्याची यादी केंद्राच्याच यादीवर उभी असल्याने तिथूनही गेला. लाडकी बहीण योजना जाहीर झाली तेव्हा तिच्याही अटींत होते की कुटुंबातला कोणी सरकारी नोकरीत कायम असेल किंवा निवृत्तिवेतन घेत असेल तर ती बहीण अपात्र. म्हणजे तिसऱ्या पानाने पहिले आणि दुसरे पान कापले. वर्षाचा हिशोब केला तर बारा हजार आणि अठरा हजार मिळून तीस हजार रुपयांची गोष्ट आहे.

आता कोणी म्हणेल, ज्याला निवृत्तिवेतन आहे त्याला मदत कशाला? हा युक्तिवाद मला मान्य होण्यासारखा आहे. सरकारी तिजोरीला तळ असतो, आणि कोरडवाहू शेतकऱ्याकडे तर महिन्याला खात्रीचा एक रुपयाही नसतो. माझी हरकत अटीला नाही. पण त्याच गावात दहा एकर बागायती ऊस असलेला, आयकर न भरणारा, निवृत्तिवेतन नसलेला बागाईतदार पात्र ठरतो आणि दीड एकराचा निवृत्त नाईक अपात्र ठरतो, याचा अर्थ काय लावायचा हे कुठल्याही अहवालात मला वाचायला मिळालेले नाही. एकाच स्वयंपाकघरात दोन जावा असतात. धाकटीच्या खात्यात दीड हजार येतात, थोरलीच्या येत नाहीत, कारण थोरलीचा नवरा कारगिलला होता. हे घर फोडणारे नसले तरी घरात बोलले जाणारे नक्कीच आहे. मतदाराला हे समजावून सांगणे, पटत नसेल तर सभागृहात बदलायला लावणे, हेच तर प्रतिनिधीचे काम.

मुळात कोणते काम कोणाचे, हेही अहवाल सांगत नाहीत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती राज्याच्या यादीत आहे, संरक्षण केंद्राच्या आणि विवाह-वारसा या गोष्टी समवर्ती यादीत. म्हणजे आपल्या निवृत्त जवानाच्या शेताचा प्रश्न मुंबईत, निवृत्तिवेतनाचा दिल्लीत आणि बायकोच्या वारसाहक्काचा दोन्हीकडे. आमदार साहेब सैनिकांच्या पानावर 'एक हुद्दा, एक निवृत्तिवेतना'चे श्रेय घेतात, खासदार साहेब गावच्या पाणंद रस्त्याचे. वाचणाऱ्याला दोन्ही फोटो सारखेच दिसतात.

या अदलाबदलीची सुरुवात शोधायची तर मी १९९३ च्या डिसेंबरकडे बोट दाखवीन. त्या महिन्यात खासदारांचा स्थानिक विकास निधी सुरू झाला. एक कोटीवरून दोन आणि २०११-१२ पासून वर्षाला पाच कोटी अशी त्याची रक्कम वाढत गेली. आमदारांचेही असेच निधी आहेत. या निधीने गावोगाव कामे झाली. नाही कशी म्हणणार? पण कायदे करणाऱ्याला त्याने बांधकाम खात्याचा उपअभियंता करून टाकले. तेव्हापासून अहवाल म्हणजे कामांची यादी झाली, आणि सभागृहात काय केले याचा रकाना आक्रसत आक्रसत शेवटच्या पानावर, 'संपर्क कार्यालया'च्या वर, दोन ओळींवर आला.

अमेरिकेत काँग्रेसच्या सदस्याला मतदारांना टपालाने पत्र पाठवण्याची सवलत अठराव्या शतकापासूनची आहे; तिकिटाच्या जागी त्याची सही चालते. शेतीप्रधान राज्यांतल्या सदस्यांच्या अशा पत्रांत शेतीविधेयक, कुटुंबांवरचे कर आणि माजी सैनिकांची रुग्णालये हे विषय असायचेच. त्यातही आत्मस्तुती भरपूर असते. राजकारणी सगळीकडचे सारखेच. पण एक गोष्ट तो सांगू शकतो आणि आपला सांगू शकत नाही: 'अमुक विधेयकावर मी बाजूने मत दिले' किंवा 'विरुद्ध दिले'. तिथे मतांची नावनिशीवार नोंद होते. आपल्याकडे बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने पार पडतात. 'होय' म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा की 'नाही' म्हणणाऱ्यांचा हे अध्यक्षांच्या कानांवर अवलंबून. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडून मत दिले तर सदस्यत्वच जाण्याचा धोका. शेतीविषयक कायदे २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत आवाजी मतदानाने संमत झाले, आणि वर्षभराच्या आंदोलनानंतर २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना संमत झाले. येताना मतांची मोजदाद नाही, जाताना चर्चा नाही. मग खासदाराने शेतकऱ्यांच्या पानावर छापायचे तरी काय? हिरव्या शिवाराचा फोटोच की!

तरीही पूर्वी ही तीन पाने एकत्र वाचणारे लोक आपल्या विधिमंडळात होते, याचा एक पुरावा मला फार मोलाचा वाटतो. तो कुळकायद्यात आहे.

मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा. त्यातल्या दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ या 'कृषकदिनी' कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. कायदा क्रांतिकारक होता. पण जमीनमालक म्हणजे वाड्यात बसलेला सावकारच असतो असे नाही. कुणी विधवा होती, कुणी अज्ञान मूल होते, कुणी अपंग. त्यांना स्वतः जमीन कसता येत नाही म्हणून त्यांनी ती दुसऱ्याला लावलेली. कायद्याने त्यांच्यापुरती खरेदीची तारीख पुढे ढकलली. आणि फौजेतला जवान? तोही सरहद्दीवर असताना आपले रान कसू शकत नव्हता. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला म्हणून आपण छाती फुगवली. पण सह्याद्रीतून गेलेल्या जवानाच्या दोन एकरांचे काय, हा प्रश्न गावात तसाच होता. १९६४ साली महाराष्ट्र विधिमंडळाने या कायद्यात सैनिक असलेल्या जमीनमालकांसाठी एक स्वतंत्र प्रकरण घातले. सेवेत असलेल्या किंवा सेवेतून परतलेल्या सैनिकाला स्वतः कसण्यासाठी जमीन कुळाकडून परत मागता येईल, आणि तो हयात नसेल तर त्याच्या घरच्यांनाही तो हक्क राहील, अशी तरतूद केली.

ही तरतूद निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. जमीन सुटली ती कुळाची, आणि कूळ बहुधा मालकापेक्षा गरीब. कदाचित त्याचाही मुलगा शिपाई म्हणून कुठे लडाखला उभा असेल. पण कायदा करणाऱ्यांनी शेत, घर आणि सरहद्द यांची गाठ कुठे बसते ते पाहिले होते, त्यावर वाद घातला होता आणि काही एक निर्णय घेतला होता. पुढे वि. स. पागे यांनी विधान परिषदेचे सभापती असताना रोजगार हमीची कल्पना लावून धरली, तिचा १९७७ साली कायदा झाला आणि २००५ साली देशाने तोच मार्ग धरला. पागे यांच्या नावाने किती हायमास्ट दिवे लागले याची मात्र मला कल्पना नाही.

सैनिकांच्या पानाकडे पुन्हा वळू. 'एक हुद्दा, एक निवृत्तिवेतन' हे शब्द आता इतके गुळगुळीत झाले आहेत की त्यामागे किती वर्षे गेली हे सांगावे लागते. तिसऱ्या वेतन आयोगानंतर, १९७३ च्या सुमारास, जवानांच्या निवृत्तिवेतनाचे गणित त्यांच्या विरुद्ध बदलले. त्यानंतर निवृत्त होत गेलेल्या प्रत्येक पिढीला दिसू लागले की आपल्याच हुद्द्यावरून, आपल्याइतकीच सेवा करून, पण दहा वर्षांनी निवृत्त झालेल्याला आपल्याहून कितीतरी जास्त मिळते. २०११ साली भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने मागणी मान्य करण्याची शिफारस केली. २०१५ च्या जूनमध्ये म्हातारे सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर बसले, सप्टेंबरात घोषणा झाली, नोव्हेंबरात आदेश निघाला. दर पाच वर्षांनी फेरआखणी हे त्यातले सूत्र सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये ग्राह्य धरले. चाळीस वर्षांत किती खासदार आले आणि गेले! १९७५ साली निवृत्त झालेला हवालदार २०१५ साली हयात असेलच असे नाही. त्याची बायको असेल.

आणि तिची गोष्ट सैनिकांच्या पानावरही नसते, महिलांच्या पानावरही नसते. आमचे थोरले चुलते मराठा लाइट इन्फंट्रीत होते. ते गेल्यावर काकूंचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला चौदा महिने लागले. अडचण एवढीच होती की रेशनकार्डावर त्यांचे एक नाव होते आणि फौजेच्या कागदावर दुसरे. लग्नात बायकोचे नाव बदलायची आपली पद्धत. त्या नावबदलाचा कागद कुणी केलेला नसतो. प्रतिज्ञापत्रे झाली, सरपंचांचा दाखला झाला, एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवले आणि दुसऱ्याने पहिल्याकडे. काकू शांतपणे म्हणायच्या, "त्यांच्या सह्या होत्या तवर माझं नाव कुणाला लागत नव्हतं." आता सारे संगणकावर आले आहे, हयातीचा दाखला मोबाइलवरून देता येतो असे सांगतात. सत्तरीच्या बाईच्या हातात मोबाइल नातवाचा असतो, आणि नातू पुण्याला असतो.

याच काकूंचे नाव जमिनीवर कधी लागले? चुलत्यांच्या मृत्यूनंतर, वारसनोंदीच्या फेरफाराने. त्याआधी चाळीस वर्षे त्यांनी ते रान कसले होते. चुलते सियालकोटच्या आघाडीवर असताना पेरणी त्यांनी केली, बैल त्यांनी विकत घेतला, सोसायटीचे कर्ज मात्र मिळाले नाही, कारण सातबारावर नाव नवऱ्याचे आणि नवरा सीमेवर. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नव्वदच्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करावी म्हणून. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबर हक्क दिला. देशाने तो २००५ साली दिला. आपले राज्य अकरा वर्षे पुढे होते. पण तलाठ्याच्या दप्तरात त्या हक्काची वाट 'हक्कसोड' नावाच्या कागदाने अडवली, आणि भाऊबीजेच्या साडीवर बहिणींच्या सह्या होत राहिल्या. महिलांच्या पानावर शिलाई यंत्रांचा आकडा असतो. मतदारसंघात किती सातबारांवर बायकोचे नाव आहे हा आकडा माझ्या ट्रंकेतल्या एकाही अहवालात नाही.

आता या घरावर एक नवा प्रश्न येऊन ठेपला आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची भरती. त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम, बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी घेऊन घरी. निवृत्तिवेतन नाही. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीस दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ आणि २०२७ च्या सांध्यावर भरतात. या योजनेच्या बाजूने आणि विरुद्ध सेनाधिकाऱ्यांनी पुष्कळ लिहिले आहे. फौज तरुण राहावी की अनुभवी, हा वाद मी त्यांच्यावर सोपवतो. मला दिसते ते गावातले. आजवर घराचा हिशोब असा होता की धाकट्याने रान सांभाळायचे, थोरल्याने पंधरा-वीस वर्षे पगार पाठवायचा आणि नंतर जन्मभराचे निवृत्तिवेतन घेऊन यायचे. त्या भरवशावर लग्ने जमत, विहिरी खणल्या जात, सोसायटीची थकबाकी फिटे. पंचविशीच्या आतबाहेर परत येणाऱ्या मुलाच्या हाती एकरकमी पैसा असेल आणि वाटणीला अर्धा एकर. मुलींचे बाप विचारू लागले आहेत, "कायम आहे का?" पूर्वी हा प्रश्न फक्त शिक्षकांना विचारला जाई.

हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते, संसदेचेही त्याच सुमारास. दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी आपण देतो, तोही त्याच दिवसांत. या वेळी आमच्या तालुक्यातल्या काही निवृत्त मंडळींनी आमदार आणि खासदार या दोघांनाही एकच पत्र द्यायचे ठरवले आहे. मसुदा माझ्याकडे आला होता; सुशोभित भाषा काढून टाकून मी त्यात तीनच प्रश्न ठेवले. तालुक्यात किती माजी सैनिकांची घरे निवृत्तिवेतनाच्या अटीमुळे शेतकऱ्यांच्या यादीतून वगळली गेली आणि त्यांच्या जमिनीचे सरासरी क्षेत्र किती? सेवेत असलेल्या आणि निवृत्त जवानांच्या किती खात्यांवर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागले आहे, आणि ते लावायला शिबिरे घेता येतील का? चार वर्षे पुरी करून परतणाऱ्या मुलांपैकी आपल्या तालुक्यातले किती, आणि त्यांच्यासाठी राज्याने कोणत्या खात्यात किती जागा धरल्या आहेत?

खाली एक ओळ सुभेदार मेजर साहेबांनी स्वतःच्या हाताने घातली, ती मी तशीच राहू दिली. 'उत्तर छापील पाठवावे, फोटो नसला तरी चालेल.'